नागली, मेथी, कारलं आणि चालू गोळ्या: साखर-बीपीवाल्यांनी नेमकं कसं बसवायचं?

पंचवटीकर | २ फेब्रुवारी, सकाळी ७:४०

साठीच्या आईसाठी विचारतोय. टाईप २ मधुमेह आठ वर्षं, सोबत बीपी. चालू गोळ्या: मेटफॉर्मिन ५०० दोनदा, ग्लिमेपिराइड १ मिग्रॅ नाश्त्याला, बीपीसाठी टेल्मिसार्टन ४०. एचबीए१सी (तीन महिन्यांच्या सरासरी साखरेची तपासणी) ७.८. आता घरात तीन गोष्टी सुरू करायचं चाललंय: नाश्त्याला पोळीऐवजी नागलीची (नाचणीची) आंबील, अनशापोटी कारल्याचा रस, आणि रात्री भिजवलेली मेथी. गोळ्या बंद करायच्या नाहीत, हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे त्यावरून धागा पेटायला नको.

किती, कधी, कशासोबत काय जमत नाही, एवढं सांगा. आणि नागलीने साखर खरंच कमी वाढते का?

उकडपीठ | सकाळी ८:२५

नागलीचं आधी. पेठ, सुरगाणा, इगतपुरी, त्र्यंबक पट्ट्यातली नागली झकास, त्यात वाद नाही. १०० ग्रॅमला साडेतीनशे मिग्रॅच्या आसपास कॅल्शियम, गव्हाच्या कितीतरी पट. पण साखरेचा प्रश्न कॅल्शियमने सुटत नाही. पिष्टमय भाग नागलीत १०० ग्रॅमला साधारण ६५ ते ७० ग्रॅम, म्हणजे जवळपास गव्हाएवढाच. तंतूही गव्हाच्या अख्ख्या पिठाइतकेच. "नागली आहे ना, मग दोन वाट्या घ्या" हे इथेच फसतं.

दुसरं, आंबील. बारीक दळलेलं पीठ, भरपूर पाणी, शिजून फुललेलं पिष्ट, चावायला काहीच नाही. पोटातून झरकन पुढे जाणार. तेच पीठ भाकरीत खाल्लं तर वेळ लागतो. गिरणीवाल्याला जाडसर दळायला सांगा.

भाकरी अशी: एका भाकरीला ५० ग्रॅम पीठ, काट्यावर मोजून. वाटीने मोजलं की रोज वेगळं भरतं. पीठ असेल जवळपास तेवढंच पाणी चिमूट मिठासह खळखळ उकळवा, पीठ टाका, गॅस बंद, झाकण ठेवून पाच मिनिटं. मग गरम असतानाच, हाताला सोसेल तितपत, तळहाताने रगडून मळा. नागलीत चिकटपणा धरणारं ग्लूटेन नाही, उकडीवरच सगळी भिस्त. कडा फाटल्या तर समजा पाणी पुरेसं उकळलं नव्हतं किंवा मळणं कमी पडलं. मऊ व्हावी म्हणून बरेच जण निम्मं तांदळाचं पीठ घालतात. भाकरी सुरेख होते, पण मग नागलीचं नाव घेऊन तांदूळ खाल्ला असं म्हणायचं.

गोदाकाठ | सकाळी ९:०२

उकडपीठ, थोडी असहमती. आंबील म्हणजे नेमकी कोणती? रात्रभर ताकात आंबवलेली, पातळ, मीठ-जिऱ्याची आंबील वेगळी, आणि दूधगूळ घातलेली नागलीची पेज वेगळी. आंबटपणामुळे पोट जरा सावकाश रिकामं होतं, त्यामुळे पहिलीचा चढ थोडा मंद असू शकतो. दुसरी सरळ गोडाचा पदार्थ. आणि ती "लापशी" म्हणून दवाखान्यातसुद्धा सुचवली जाते.

उकडपीठ | सकाळी ९:१५

मान्य. ताकातली असेल तर ३० ग्रॅम पीठ, त्याच्या वर नको, आणि सोबत मोड आलेलं काहीतरी. गूळ घातला की चर्चा संपली. साखरेच्या रोग्याला गूळ आणि मध हे साखरेचे चुलतभाऊ, नुसते जास्त सभ्य दिसतात.

गोळीवेळ | सकाळी १०:३०

पंचवटीकर, तुमच्या यादीत सगळ्यात जपून घ्यायची वस्तू कारल्याचा रस. कारण ग्लिमेपिराइड. ही गोळी स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावते, पोटात अन्न असो वा नसो. म्हणून ती नाश्त्यासोबत. अनशापोटी रस, मग गोळी, मग "आज भूक नाही, नुसता चहाच" अशी सकाळ गेली की साखर ७० च्या खाली घसरायला वेळ लागत नाही. नुसत्या मेटफॉर्मिनवर ही भीती फार कमी.

शिवाय रसाचा असा ठरलेला डोस नाही. एक कारलं कोवळं, एक जून, आज दोन घातली, उद्या तीन. रोज वेगळं औषध घेतल्यासारखं आहे ते. कारलं भाजी म्हणून खावं, जेवणासोबत. रसच हवा असेल तर डॉक्टरांना आधी सांगायचं, नाश्त्याच्या जवळ घ्यायचा, पहिले पंधरा दिवस दुपारच्या जेवणाआधी साखर मोजायची. बिया काढून टाका: त्यात व्हायसिन असतं, जी-६-पीडी (तांबड्या पेशींना जपणारं विकर, म्हणजे एन्झाइम) ची कमतरता असलेल्यांच्या तांबड्या पेशी त्याने फुटू शकतात.

साखर उतरल्याची लक्षणं: थरथर, दरदरून घाम, छातीत धडधड, एकदम चिडचिड किंवा असंबद्ध बोलणं. मोजा. ७० च्या खाली असेल तर तीन चमचे (१५ ग्रॅम) ग्लुकोज किंवा साखर पाण्यात, १५ मिनिटांनी पुन्हा मोजा, वर आली नसेल तर पुन्हा तेवढीच. मग पोळी-भाकरी खाऊ घालायची, कारण ग्लिमेपिराइडचा अंमल बराच वेळ राहतो आणि साखर पुन्हा उतरते. पेढा, चॉकलेट नको, त्यातल्या तुपातेलाने साखर रक्तात पोचायला उशीर होतो. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीही घालायचं नाही, थेट दवाखाना.

एक बारीक गोष्ट जी फार कमी घरांत माहीत असते: गोळीत व्होग्लिबोज किंवा अकार्बोज असेल तर घरची साखर लवकर लागू पडत नाही. साखर फोडणारं विकरच त्या गोळीने अडवलेलं असतं. तिथे ग्लुकोज पावडरच लागते. पाकिटावरची बारीक अक्षरं वाचा, ग्लिमेपिराइड-मेटफॉर्मिन-व्होग्लिबोज अशा तिहेरी गोळ्या सर्रास मिळतात.

चिमूटभर | सकाळी ११:१०

मेथीचं गणित:

दिवसाला ५ ते १० ग्रॅम. चहाच्या सपाट चमच्यात साधारण ४ ग्रॅम बसते. पहिला आठवडा ३ ग्रॅमच, नाहीतर पोट डमरूसारखं वाजतं. रात्री अर्धा पेला पाण्यात भिजवा, सकाळी पाण्यासकट दाणे चावून खा. लोक पाणी पितात आणि दाणे झाडाला घालतात, म्हणजे झाडाची साखर आटोक्यात येते. काम करतो तो दाण्यातला चिकट तंतू. तो पोटात जेलीसारखा फुगतो आणि पिष्टाचं शोषण लांबवतो. म्हणून मेथी जेवणाच्या लगेच आधी किंवा जेवणात. पहाटे पाचला खाऊन नऊला नाश्ता केला तर त्या तंतूचा नाश्त्याला काय उपयोग?

जमत नाही ते: थायरॉइडची गोळी त्याच वेळी नको. गोळी आधी नुसत्या पाण्याबरोबर, मेथी नाश्त्याच्या वेळी. इसबगोलचंही तसंच. रक्त पातळ करण्याची वॉरफरिन चालू असेल तर मेथी किंवा हळदीच्या कॅप्सूल डॉक्टरांना न सांगता सुरू करू नका. शेंगदाणा-हरभऱ्याची ॲलर्जी असलेल्यांनी सावध राहावं, मेथी त्याच कुळातली. घामाला-लघवीला पाकासारखा गोडसर वास येऊ लागला तर घाबरू नका, तो मेथीचाच.

मिसळ_सीबीएस | दुपारी १२:४५

म्हणजे पाव बाजूला ठेवून नुसता रस्सा ओरपला तर चालेल ना? नैसर्गिक उपाय म्हणून विचारतोय.

मीठभाकर | दुपारी १:२०

मटकी जास्त, शेव-फरसाण कमी, पाव एक, रस्सा दुसऱ्यांदा मागायचा नाही. साखरेला चालेल, पण बीपीचं काय? रस्सा आणि फरसाण मिळून दिवसभराच्या मिठाचा मोठा वाटा एका बैठकीत जातो.

जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ, म्हणजे एक सपाट चमचाही भरत नाही. मोजायची सोपी रीत: घरात महिन्याला किती मीठ लागतं ते पाहा. चार माणसांच्या घरात किलोची पिशवी महिनाभरात संपत असेल तर माणशी ८ ग्रॅम झाले, आणि त्यात लोणचं, पापड, बाहेरचं आलंच नाही. पापडखारसुद्धा सोडियमच. सैंधवाबद्दल फार गैरसमज आहे: रंग गुलाबी, बाकी जवळजवळ सगळं सोडियम क्लोराइड. उपवासाला चालतं म्हणून बीपीला चालत नाही.

आता टेल्मिसार्टनशी थेट संबंध. बाजारात "कमी सोडियम"चं मीठ मिळतं, त्यात सोडियमच्या जागी पोटॅशियम क्लोराइड असतं. कल्पना चांगलीच आहे. चीनमधल्या खेड्यांत झालेल्या मोठ्या चाचणीत (२०२१) अशा मिठाने पक्षाघाताचं प्रमाण कमी झालं. पण टेल्मिसार्टन स्वतःच पोटॅशियम शरीरात अडवून धरते. मूत्रपिंड थकलेलं असेल, आणि आठ वर्षांच्या मधुमेहात ही शक्यता गृहीत धरायची, तर पोटॅशियम वाढून हृदयाचे ठोके बिघडू शकतात. क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचं काम कळतं ते) आणि पोटॅशियम तपासल्याशिवाय ते मीठ घरात आणू नका. शहाळ्याचं पाणी रोज पिणाऱ्यांनाही हेच लागू.

चूर्णवटी | दुपारी ३:०५

धागा चांगला चाललाय, पण आयुर्वेद म्हणजे "अमुक चमचे तमुक पावडर" असं समीकरण होतंय, त्याला हरकत. चरकाने प्रमेही (मधुमेह ज्या रोगांत मोडतो त्या प्रमेहाचे रोगी) दोन प्रकारचे सांगितले: स्थूल-बलवान आणि कृश-दुर्बळ. पहिल्याला शोधन, लंघन, म्हणजे शरीरशुद्धी आणि उपवास. दुसऱ्याला बृंहण, म्हणजे पोषण. वाळलेल्या, वजन उतरत चाललेल्या माणसाला कडू रस आणि उपवास हा शास्त्राच्याच उलट उपचार झाला. वीस प्रकारचे प्रमेह सांगितलेत ते उगाच नाही. आपलं आरोग्य विज्ञान विद्यापीठ इथेच म्हसरूळला आहे, आयुर्वेदाच्या पदव्याही तेच देतं. तेव्हा नोंदणीकृत पदवीधर वैद्य नाशकात दुर्मिळ नाही. चालू गोळ्यांची चिठ्ठी दाखवूनच त्याच्याकडून औषध घ्यावं.

आणि तीन गोष्टी ज्या "साध्या" म्हणून घरोघरी चालतात:

ज्येष्ठमध. घसा, खोकला, आम्लपित्त, सगळ्याला. त्यातल्या ग्लिसिरायझिनने शरीरात पाणी-मीठ धरतं, पोटॅशियम उतरतं, बीपी चढतं. बीपीवाल्यांनी रोजच्या काढ्यातून तो काढून टाका.

दुधीचा रस. पेला भरण्याआधी कच्च्या दुधीचा बारीक तुकडा जिभेला लावा. कडू लागला तर फेकून द्या, मध घालून पिऊ नका. कडू दुधीतलं क्युकर्बिटासिन रक्ताच्या उलट्या आणि बीपी कोसळण्यापर्यंत नेतं.

गुळवेल. रोज, महिनोन्‌महिने, कुणाच्या देखरेखीशिवाय नको. यकृताला सूज आल्याचे रुग्ण २०२१ मध्ये मुंबईतल्या डॉक्टरांनी नोंदवले. तशीच दिसणारी दुसऱ्या जातीची वेलही बाजारात येते, आणि वाळलेल्या तुकड्यावरून ती ओळखणं कठीण.

शंकासुर | दुपारी ३:४०

आणि ती बिनलेबलची पुडी? "शंभर टक्के वनस्पती, आठ दिवसांत फरक"वाली?

चूर्णवटी | दुपारी ४:१०

आठ दिवसांत फरक हेच संशयाचं कारण. अशा पुड्यांत ॲलोपॅथीची साखरेची गोळी किंवा सांधेदुखीच्या पुडीत स्टेरॉइड कुटून घातलेलं सापडतं. लेबलवर परवाना क्रमांक, बॅच, घटक, मुदत, उत्पादकाचा पत्ता नसेल तर घेऊ नये. भस्मं आणि रसौषधी (धातू-पाऱ्याची औषधं) तर वैद्याच्या हातूनच. नीट न बनलेल्या भस्मातून शिसं गेलं तर पोटात कळा, चिवट बद्धकोष्ठता, रक्त कमी होणं, अशा वाटेने ते दिसतं, आणि घरचे म्हणतात वय झालं.

गोदाकाठ | दुपारी ४:३०

साखरेसाठी वापरतात तो बिबळ्याच्या लाकडाचा पेला राहिला. रात्रभर त्यात पाणी ठेवायचं, सकाळी निळसर-तपकिरी झालेलं प्यायचं.

गोळीवेळ | दुपारी ५:००

बिबळ्यावर (विजयसार) आयसीएमआरने (केंद्राची वैद्यकीय संशोधन परिषद) १९९० च्या दशकात खरंच काम केलंय. पण ते अर्काच्या ठरावीक मात्रेवर, पेल्यावर नाही, आणि तुलनेला बिनऔषधाच्या गोळीचा गटही नव्हता. पेल्यातून पहिल्या महिन्यात किती उतरतं आणि सहाव्या महिन्यात किती, हे कुणी मोजतं का? रंग फिका पडला की पेला झिजला. दिवाणखान्यात शोभतो मात्र.

द्राक्षबाग | ३ फेब्रुवारी, सकाळी ६:५५

हंगाम सुरू झालाय आणि निफाड-दिंडोरीकडून पेट्या यायला लागल्यात, तेव्हा हेही सांगून टाकतो. १०० ग्रॅम द्राक्षांत १६ ते १८ ग्रॅम साखर. मध्यम मण्याचं वजन ५ ग्रॅमच्या आसपास. १५ मणी म्हणजे १२-१३ ग्रॅम साखर, एवढंच एका वेळचं. जेवणावर गोड म्हणून नको, मधल्या वेळी, सोबत मूठभर शेंगदाणे. घडातून तोडत खाल्लं की पंधराचे पन्नास कधी होतात कळत नाही. वाटीत मोजून घ्या आणि पेटी आत ठेवा. मनुका त्याच साखरेच्या, फक्त पाणी गेलेल्या: १०० ग्रॅमला साधारण ६० ते ७० ग्रॅम.

त्रिरश्मी | सकाळी ७:३०

चालण्यावर कुणीच बोललं नाही, कमाल आहे. या यादीतला सगळ्यात खात्रीचा उपाय तोच आणि फुकट. सकाळी गोल्फ क्लब मैदानावर तास घालून उरलेला दिवस खुर्चीत, यापेक्षा तिन्ही जेवणांनंतर १०-१५ मिनिटं चालणं जेवणानंतरच्या साखरेला जास्त लागू पडतं. पायाचे स्नायू चालताना साखर थेट ओढून घेतात. त्याला इन्सुलिनचीही फारशी गरज लागत नाही. गच्ची असेल तर गच्चीवर. पांडवलेणी चढायची असेल तर छाती आणि गुडघे आधी दाखवून घ्या, आणि खिशात ग्लुकोज ठेवा.

पाय मात्र सांभाळा. श्रावणात ब्रह्मगिरीची फेरी अनवाणी करणारे साखरेचे रुग्ण फार आहेत. साधारण २० किलोमीटर, खडे, चिखल. पायाची संवेदना गेली असेल तर काटा रुतलेला कळत नाही, कळतो तेव्हा पू झालेला असतो. वर्षातून एकदा डॉक्टरांकडून तळव्याची संवेदना तपासून घ्या. आणि मुंग्या म्हणजे दर वेळी मधुमेहच असं नाही: मेटफॉर्मिन वर्षानुवर्षं घेतल्यावर बी-१२ कमी पडतं, शाकाहारी माणसात जास्तच. आठ वर्षं झालीत, ती तपासणी करून घ्याच.

प्राणायामात सावकाश श्वास, मिनिटाला सहाच्या आसपास, बीपीला बरा. कपालभाती, भस्त्रिका, श्वास रोखणं हे बीपी आटोक्यात नसताना नको. डोळ्याच्या पडद्याला त्रास असेल तर शीर्षासन, सर्वांगासन अजिबात नको.

भगरमिल | सकाळी ९:२०

महाशिवरात्र येतेय म्हणून लिहितो. पॉलिश केलेली पांढरीशुभ्र भगर भातासारखीच वागते. साबुदाणा तर जवळजवळ नुसतं पिष्ट. उपवासालाच भगर हवी तर कमी पॉलिशची, शिजवलेली एक वाटी, शेंगदाण्याची आमटी भरपूर, आणि रताळं त्याच ताटात नको. कडक उपवास असेल तर ग्लिमेपिराइडचं काय करायचं ते आदल्या दिवशी डॉक्टरांना विचारा. डापाग्लिफ्लोझिनसारखी लघवीवाटे साखर काढणारी गोळी असेल तर निर्जळ उपवास मुळीच नको, पाणी कमी होऊन कीटोन (चरबी जळून रक्तात साठणारी आम्लं) वाढतात. साखरेचा आकडा फारसा चढलेला नसतानाही.

शंकासुर | दुपारी १२:१०

हे सगळं केलं तर गोळ्या सुटतात असे फलक शहरभर आहेत. खरं काय?

गोळीवेळ | दुपारी १:००

काहींच्या सुटतात, आणि त्यात जडीबुटी नसते, वजन असतं. ब्रिटनमध्ये २०१७ ला आलेल्या चाचणीत रोज साधारण ८५० कॅलरींचा आहार तीन ते पाच महिने, मग हळूहळू अन्न वाढवत वर्षभर पाठपुरावा, असं केल्यावर जवळपास निम्म्यांची साखर गोळ्यांशिवाय आटोक्यात राहिली. १५ किलो किंवा जास्त उतरवणाऱ्यांत तर दहातल्या आठांहून अधिक जणांची. पण ते सगळे निदानापासून सहा वर्षांच्या आतले, इन्सुलिनवर नसलेले, वजनदार लोक होते. आणि साखर-बीपीच्या गोळ्या पहिल्याच दिवशी डॉक्टरांनी थांबवल्या होत्या. इथे लोक उपासमार सुरू करतात आणि गोळी तीच ठेवतात, तिथे घात होतो. आठ वर्षं झाल्यावर अशक्य नाही, पण फलकावरच्यासारखं हमखासही नाही.

पंचवटीकर | रात्री ९:१५

सगळ्यांना मनापासून धन्यवाद. रस रद्द, मेथी ३ ग्रॅमपासून, मीठ मोजायला घेतलंय. मूळ प्रश्न तेवढा राहिला: आंबील की भाकरी? मीटर घरात आहे. कसं तपासू?

आकडेमोड | रात्री १०:०५

तीन सकाळी आंबील, तीन सकाळी भाकरी, एकाआड एक. दोन्हीला पीठ तेवढंच, समजा ४० ग्रॅम. आदल्या रात्रीचं जेवण हलकं आणि वेळेवर, गोळ्या नेहमीच्या वेळी, नाश्त्यानंतरचं चालणं सहाही दिवस सारखं. नाश्त्याआधी एकदा मोजा, मग पहिल्या घासापासून दोन तासांनी, शेवटच्या घासापासून नाही. पाहायचा आहे तो दोन आकड्यांमधला फरक.

बोट साबणाने धुऊन कोरडं करा. द्राक्षं हाताळलेल्या बोटाने मोजलं तर मीटर द्राक्षाची साखर दाखवतो. टोचायचं बोटाच्या कडेला, मधोमध नाही. पट्ट्यांच्या डबीचं झाकण लगेच लावा, दमट झाल्या की त्या काहीही सांगतात. चांगल्या मीटरलाही १५ टक्क्यांपर्यंत इकडेतिकडे मुभा असते, त्यामुळे १० चा फरक म्हणजे काहीच नाही. एचबीए१सी वर सगळं सोपवू नका, रक्तात लोह कमी असेल तर तो खोटा चढा येतो.

मीठभाकर | रात्री १०:४०

त्याच आठवड्यात बीपीही उरकून घ्या. सकाळ-संध्याकाळ, पाच मिनिटं पाठ टेकून बसून, पाय जमिनीवर, दंड हृदयाच्या उंचीला, लघवीला जाऊन आल्यावर, चहानंतर अर्धा तास सोडून, न बोलता. मिनिटभराने दोनदा. पहिला दिवस सोडून बाकीच्यांची सरासरी. घरी १३५/८५ च्या वर सातत्याने येत असेल तर वही घेऊन डॉक्टरांकडे. बाहीवरून पट्टा गुंडाळू नका.

पंचवटीकर | १० फेब्रुवारी, सकाळी ११:२०

सहा दिवसांचे आकडे.

आंबील (ताकातली): ११८ वरून २११, १२१ वरून २०४, ११५ वरून २१४.
भाकरी आणि मुगाची उसळ: ११९ वरून १६८, १२४ वरून १७१, ११२ वरून १७३.

म्हणजे भाकरी जिंकली?

आकडेमोड | सकाळी ११:५०

आंबीलीसोबत उसळ होती का?

पंचवटीकर | सकाळी ११:५५

नव्हती.

आकडेमोड | दुपारी १२:०५

मग कोण जिंकलं, भाकरी की उसळ? तीन दिवस आंबील, पण आधी तेवढीच उसळ खाऊन. पीठ तेच ४० ग्रॅम.

उकडपीठ | दुपारी १२:२०

उसळीवर माझी पैज.

पंचवटीकर | दुपारी १२:३०

उद्यापासून लावतो. आई म्हणतेय आता डाव्या हाताची पाळी, आणि पुढच्या वेळी पट्ट्यांचे पैसे या मंडळींकडून घे.